शेवटून दुसरा आकडा

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मालिनी शेट्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून नारळाचे परागकण मोजत होती. रोपवाटिकेच्या राखणदारानं पहाटे पाच वाजता, तिनं शिकवल्याप्रमाणे, साखरपाण्याच्या थेंबावर परागांची चिमूट सोडून ठेवली होती. दोन तासांत जिवंत दाण्याला कोंब फुटतो. दोनशे दाणे मोजायचे, त्यातले कोंब फुटलेले किती ते लिहायचं. साठाच्या खाली आकडा आला तर ती परागांची बाटली फेकायची. पावणेआठला माणसं संकरासाठी बाटल्या घेऊन माडांवर चढतात, म्हणून मोजणी त्याआधी व्हावी लागते. म्हणून मालिनीला सातला टेबलाशी असावं लागतं.

त्या दिवशी अठ्ठावन्न निघाले.

"दोनच कमी ना ताई?" रोपवाटिकेची व्यवस्था बघणारी नीरजा म्हणाली. तिचं वय मालिनीच्या निम्मं. "धरा की साठ. दोन दाण्यांसाठी आठवड्याची मेहनत उकिरड्यात?"

"दिसले ते अठ्ठावन्न."

"तुम्ही म्हणजे ना, देवालासुद्धा पावती मागाल."

नीरजानं बाटली उचलली आणि कचऱ्यात टाकली. मालिनीनं वहीत आकडा लिहिला. लिहिताना तिच्या लक्षात आलं की कालपासून तिच्या डोक्यात एकच नंबर फिरतोय, आणि तो या वहीतला नाही.

तो नंबर तिच्या गाडीच्या चेसिसचा होता. सोमवारी सकाळी अकरापर्यंत तो वाचता येण्याजोगा झाला नाही, तर तिच्या गाडीची नोंदणी सोमवारी रात्री बारा वाजता संपणार होती.

गाडी मारुती आठशे, पांढरी, नोंदणी फेब्रुवारी दोन हजार सालची. मालिनीकडे ती दोन हजार तेरा साली आली. मालिनीला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. उजवा पाय कमरेपासून कॅलिपरमध्ये असतो. डाव्या पायात थोडं बळ आहे, त्यावर ती कुबडी घेऊन शंभरेक पावलं चालते. आधी तिच्याकडे बाजूला चाकं लावलेली स्कूटर होती. भाट्याच्या पुलावर वाऱ्यानं ती आडवी झाली आणि मालिनीचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा पडलीस तर उठायचं नाव नको. रोपवाटिका पूल ओलांडून पावसच्या वाटेला, घरापासून सतरा किलोमीटर. रोज रिक्षानं जायचं तर रोजंदारीतलं घरी आणायला काही उरत नाही.

तेव्हा तिनं गाडी शोधायला घेतली. तिची शोधण्याची पद्धत अशी, की विकणाऱ्याच्या दारात जायचं, आत बसायचं आणि क्लच दाबायचा. बाकीचं नंतर. तीन गाड्यांचे क्लच तिच्या डाव्या पायाला दबले नाहीत. तिसऱ्या वेळी विकणाऱ्याची बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अगो, राहू दे, जिवाला लावून घेऊ नकोस." चौथी गाडी संगमेश्वरजवळ राजाभाऊ या बागायतदाराच्या आंब्याच्या खोपटात होती. ताडपत्रीखाली, पेट्यांच्या उतरंडीआड. डिकीत आंब्याची अढी घालायचं गवत तसंच होतं.

"चालवणार कोण?" राजाभाऊंनी विचारलं.

"मी."

राजाभाऊंनी पुढे केलेली किल्ली पुन्हा मुठीत घेतली. "अहो, माझ्या दोन्ही पायांनी ती मला ऐकत नसे."

"म्हणून तर विकताय ना?"

राजाभाऊ हसले नाहीत, पण मूठ उघडली. मालिनी सीटवर बसली. सीटची उंची तिच्या कमरेला बरोबर होती. बसताना स्वतःला वर उचलावं लागलं नाही की खाली सोडावं लागलं नाही. तिनं डावा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि दाबला. पेडल तळाला टेकलं. तिनं ते पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा दाबलं. तिच्यासोबत आलेला, बाहेर उभा असलेला दादू मेकॅनिक म्हणाला, "आता काय त्येचा जीव घेतेस? बसली तुझ्या पायाला. उठ."

दादूनं उरलेलं काम केलं. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एक लांब दांडा बसवला. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो, खाली दाबला की वेग वाढतो. स्टिअरिंगवर लाकडी मूठ बसवली, म्हणजे डाव्या हातानं चाक फिरवता येतं. ही जोडणी कागदोपत्री मंजूर करून घ्यायला चार महिने आणि आरटीओच्या नऊ फेऱ्या लागल्या. पहिल्या दिवशी ती एकटी भाट्याचा पूल ओलांडून गेली तेव्हा ती चाळिशीची होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाला न सांगता कुठेतरी गेली होती. परत आल्यावर शेजारणीनं विचारलं, कुठे गेली होतीस? मालिनी म्हणाली, कुठे नाही. ते तिला फार आवडलं.

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. दोन हजार पंधरा साली ती सहज मिळाली. दोन हजार वीस साली तपासणाऱ्या साहेबांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या उभ्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि ठसा घेतला. मग पत्र्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खारी हवा आहे तुमच्याकडे. इथे गंज धरतोय. काहीतरी लावा त्याला."

तिनं लावलं. सगळी चूक इथे आहे, आणि ती तिची एकटीची आहे.

रत्नागिरीत लाकूड असो की लोखंड, खाऱ्या हवेपासून वाचवायचं तर काय लावतात हे कुणाला शिकवावं लागत नाही. काजूच्या टरफलांचं तेल. होडीच्या तळाला लावतात, घराच्या वाशांना लावतात, फाटकाच्या बिजागऱ्यांना लावतात. वाळलं की काळं, काचेसारखं कठीण कवच होतं. मालिनीच्या घरामागे काजू फोडण्याचा छोटा कारखाना होता. तिथून तिनं तेल आणलं, हाताला खोबरेल चोपडलं, कारण हे तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. कुबडी बंपरला टेकवून, बॉनेटवर छाती रेलून, तिनं त्या पत्र्यावर ब्रश मारला. कोपऱ्यात मारला. मग वाटलं, गंज काय कोपऱ्यातच थांबणार आहे? पूर्ण पत्र्याला मारला. पुढच्या वर्षी पुन्हा एक हात दिला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. खाली इंजिनाची ऊब, वर तेल. पाच वर्षांत पाच थर भाजून निघाले.

शुक्रवारी तपासणी झाली. दिवे, ब्रेक, हॉर्न, धूर, दादूचा दांडा, सगळं ठीक निघालं. साहेब नवे होते, साताऱ्याकडचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक टोक काढलेली पेन्सिल. त्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"मॅडम, नंबर कुठंय?"

"तिथेच आहे साहेब. तेलाच्या खाली."

"कसल्या तेलाच्या?"

मालिनीनं सांगितलं. साहेबांनी नखानं खरवडून पाहिलं. नखाला काही आलं नाही. ते म्हणाले, "माझ्या नोकरीत लोकांनी नंबर घासलेले बघितलेत, कापून दुसरे जोडलेले बघितलेत. गंज लागू नये म्हणून नंबर पुरून टाकलेला पहिल्यांदा बघतोय."

त्यांनी तपासणीचा कागद रिकामा ठेवला आणि सोमवारी अकराची वेळ दिली. जाताना बजावलं, "घासू नका. पॉलिश पेपर, ग्राइंडर, छिन्नी, काही लावायचं नाही. आकड्यावर एक ओरखडा दिसला तरी मला खाडाखोड म्हणून लिहावं लागेल. मग पोलीस."

नंबर वाचता आला नाही तर काय, हेही त्यांनी सांगितलं. पत्र्याची प्रयोगशाळेत तपासणी, पोलिसांचा दाखला, मग परवानगी घेऊन नवा नंबर ठोकायचा. किती दिवस? साहेबांनी खांदे उडवले. "सहा महिने धरा. वर्षही लागतं. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही. विमाही लागू होत नाही."

मालिनीची रोपवाटिकेतली नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची. पुढचं पत्र मार्चअखेर मिळायचं होतं.

शनिवारी दुपारी काम सुटल्यावर ती थेट दादूकडे गेली. दादूचं वय आता बाहत्तर. त्याचं गॅरेज म्हणजे फणसाखाली एक पत्र्याचा आडोसा. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यानं वेल्डिंग सोडलं होतं. उरलेली दोन नेहमीची गिऱ्हाइकं सोडली तर तो बहुतेक वेळ खुर्चीत बसून असे.

त्यानं बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"ह्ये कुनी केलंन?"

"मी."

"होडी हाय काय ही? उद्या शीड लावशील."

"दादूकाका, निघेल का सांगा."

"निघंल काय गो? आमच्या बापानं मारलेलं तेल वाशावर अजून हाय. त्यो ग्येला, तेल ऱ्हायलं."

त्यानं रॉकेल लावून पाहिलं. थिनर लावून पाहिलं. कवच चकाकत राहिलं, जणू त्याला आंघोळ घातली. मग दादूनं कॉस्टिक सोड्याचं दाट पाणी करून बोळा भिजवला आणि कोपऱ्यात दाबून धरला. दहा मिनिटांनी बोळा काढला तेव्हा वरचा थर चिवट गुळासारखा मऊ झाला होता. दादूनं स्क्रूड्रायव्हर उचलला.

"नको," मालिनी म्हणाली. "मी काढते. माझ्या पद्धतीनं."

तिनं पर्समधून प्रयोगशाळेची सुई, कापूस आणि घड्याळजी वापरतात तसं डोळ्याला लावायचं भिंग काढलं. दादूनं एक स्टूल बॉनेटसमोर ठेवलं, त्यावर गोणपाट घातलं. ती स्टुलावर एक मांडी टेकवून पुढे वाकली. सोड्याचा बोळा दहा मिनिटं धरायचा. मऊ झालेलं सुईच्या पाठीनं, टोकानं नव्हे, बाजूला लोटायचं. कापसानं टिपायचं. पुन्हा बोळा. पाच थर. प्रत्येक अक्षराला तासाभराच्या वर.

पहिलं इंग्रजी अक्षर दिसलं तेव्हा तिनं दादूला हाक मारली. दादूनं वाकून बघितलं. "बरा दिसतो. लग्नाचं बघायला हरकत नाय."

संध्याकाळपर्यंत पुढची अक्षरं मोकळी झाली. आता उरले सात आकडे. वरचे थर कडक होते, पण तळाच्या थरातलं तेल सोड्यानं पुन्हा सुटत होतं. हातमोज्यानं सुई नीट धरता येत नाही म्हणून तिनं मोजे काढले होते. खोबरेल लावलं होतं, पण सोड्यानं ते धुऊन निघालं. घरी गेली तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं लाल झाली होती.

रात्री जेवताना भावाचा फोन आला. अनिश बदलापूरला राहतो, तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान.

"ताई, मी सरळ सांगतो. भंगारात दे. पंचवीस वर्षांची गाडी आहे ती. लोकांना पंचविशीत मुलं होतात."

"आणि कामाला कशी जाऊ?"

"जाऊ नकोस. इकडे ये. हॉलमध्ये तुझी कॉट टाकतो. आमच्या वेदिकाच्या अभ्यासाला तुझी मदत होईल."

"चौथा मजला ना तुझा?"

"लिफ्ट आहे."

"चालते?"

"बहुतेक वेळा."

"ऑटोमॅटिक घेऊ या का एखादी?" तो नंतर म्हणाला. "जुनी. क्लचच नको मग."

"दोन बँकांत विचारलं. अकरा महिन्यांच्या पत्रावर कर्ज देत नाहीत."

"मी तरी कुठून आणू, ताई?"

"तुला मागितलं का मी?"

फोन ठेवल्यावर तिनं ताट बाजूला सारलं. अनिश वाईट नव्हता. हीच अडचण होती. वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. हॉलमधली कॉट तिला स्पष्ट दिसत होती. तिच्यावर दिवसा घडी घातलेली चादर. पाहुणे आले की तिनं उठून कुठे बसायचं हा प्रश्न. दवाखान्यात जायचं तर अनिशला सुट्टी. देवळात जायचं तर वहिनीला वेळ. कुठे गेली होतीस, असं तिला पुन्हा कुणी विचारणार नव्हतं, कारण तिला नेणारा माणूसच सोबत असणार होता.

रविवारी सकाळी सातला ती दादूकडे पोचली. उजव्या हाताच्या बोटांवर आता पाण्याचे फोड होते. दांडा तिनं तळहातानं दाबत आणला होता. दादूनं हात बघितला आणि घरात जाऊन सुनेकडून तुपाची वाटी आणली.

"मी काढतो उरलेलं."

"तुम्हाला दिसत नाही."

"आकडं दिसतात."

"आकडे नाही, ओरखडे दिसायला हवेत."

पहिला आकडा, दुसरा, तिसरा. डावा हात सुईला सवयीचा नव्हता, म्हणून प्रत्येकाला दीड तास लागला. चौथ्या आकड्याच्या वेळी एक फोड फुटला. तिनं बाहीवर तोंड दाबून धरलं आणि बोळ्याची दहा मिनिटं भरेपर्यंत घड्याळाकडे बघत राहिली. दादूच्या सुनेनं पेज आणून दिली, ती तिनं डाव्या हातानं प्यायली. पाचवा. मग शेवटच्या आकड्यापासून उलटं यायचं ठरवलं, कारण उजेड त्या बाजूला होता. सातवा मोकळा झाला. चार वाजले होते. एकच उरला, शेवटून दुसरा. तोच त्या जुन्या गंजाच्या कोपऱ्याजवळ होता.

बोळा काढला. थर लोटला. खाली पांढरट काहीतरी हवं होतं, ते तांबूस निघालं. तिनं भिंग डोळ्याला लावलं. आकड्याचा वरचा अर्धा गोल होता. त्याच्या खाली खरबरीत गंज होता, आणि गंजात कसलीही रेघ नव्हती. वरच्या गोलाचा तीन होऊ शकत होता, आठ होऊ शकत होता, नऊ होऊ शकत होता.

गंज आधीच आत शिरलेला होता. तेल त्याच्यावर बसलं होतं. बाहेरची हवा तिनं पाच वर्षं थोपवली, आत कोंडलेली ओल तिथेच राहिली.

"आरसीवर काय हाय?" दादूनं विचारलं.

"आठ."

"मंग आठच हाय."

"मला माहीत आहे आठ आहे."

दादू उठून आडोशाच्या मागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक तेलकट लाकडी पेटी होती. आत आकडे ठोकायचे पोलादी खिळे, शून्य ते नऊ. त्यानं आठ शोधून काढला, पायजम्याला पुसला आणि तिच्यासमोर धरला.

"येक ठोका," तो म्हणाला. "खरा नंबरच तर मारतोय. खोटा थोडाच मारतोय?"

मालिनी गाडीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. डावा पाय सवयीनं क्लचवर गेला. तिला पोलीस आठवले, साहेबांची टोक काढलेली पेन्सिल आठवली, मग बदलापूरची लिफ्ट. दहा मिनिटं झाली असतील. तिनं काच खाली केली.

"मारा."

"बघ हां."

"मारा म्हणते ना!"

दादूनं डाव्या हातानं खिळा आकड्याच्या जागी टेकवला आणि उजव्या हातात हातोडी घेतली. हातोडी वर गेली आणि तिथेच राहिली. त्यानं खिळा काढला. अंगठ्यानं पत्रा चाचपला. मग बॉनेटच्या आत डोकं घालून पत्र्यावर नखानं टिचकी मारली. आवाज आला तो सुक्या पापडासारखा.

"पत्राच ऱ्हायला नाय," तो म्हणाला. "अंगठ्यानं दबतोय. ठोका मारला तर आकडा नाय, भोक पडंल."

त्यानं खिळा पेटीत जागेवर ठेवला. मालिनीनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तिला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. भोक पडणार नसतं तर बरं झालं असतं, एवढंच तिला वाटलं.

सोमवारी तिनं नीरजाला फोन करून सकाळची सुट्टी मागितली. नीरजा म्हणाली, "आज चालेल ताई. पण उद्या चार बाटल्या आहेत. उद्या तुम्ही हव्यातच." अकराला पाच मिनिटं कमी असताना गाडी तपासणीच्या पट्ट्यावर उभी होती. दादू शेजारी बसून आला होता, पांढरी टोपी घालून, जणू मुलगी दाखवायला आणली होती.

साहेबांनी बॉनेट उघडलं. मोकळ्या पट्टीकडे बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे कुणी काढलं?"

मालिनीनं हात पुढे केले. साहेबांनी बोटं बघितली, पट्टी बघितली, पुन्हा बोटं बघितली. खिशातून भिंग काढलं आणि डावीकडून एकेक अक्षर बघत गेले. एकही ओरखडा नव्हता. कागद ठेवून त्यांनी पेन्सिल घासली. अक्षरं उमटली, आकडे उमटले. शेवटून दुसऱ्या जागी अर्धा गोल उमटला आणि खाली नुसता काळा डाग.

"हा काय?"

"आठ आहे साहेब."

"दिसतोय तुम्हाला?"

मालिनीनं कागदावरच्या काळ्या डागाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

दादू पुढे झाला. "सायेब, तुमच्याच हापिसात जुना ठसा हाय की. वीस सालचा. त्यात बगा. त्यात आठ हाय."

"काका, नंबर काय आहे ते मला कॉम्प्युटरही सांगतो. तो या पत्र्यावर आहे का, तेवढं बघायला मला इथं उभं केलंय." साहेबांचा आवाज चढला नव्हता. "मॅडम, तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, मी रिपोर्टमध्ये लिहितो तसं. खाडाखोड नाही, असंही लिहितो. पोलिसांत त्रास होणार नाही. पण वाचता येत नाही, हे मला लिहावंच लागेल."

"साहेब, माझी नोकरी जाईल."

पाठीमागे रांगेतल्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. साहेबांनी त्याच्याकडे बघून हात वर केला.

"जाईल, असं म्हणू नका," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांनाच ते पटलं नसावं, कारण त्यांनी लगेच पेन काढलं आणि लिहायला सुरुवात केली.

कागदावर सही करायला मालिनीला पेन धरता येईना. तिनं डाव्या हातानं सही केली. ती तिच्या इतर कागदांवरच्या सहीशी जुळत नव्हती. साहेबांनी ते पाहिलं आणि खाली कंसात लिहिलं, हाताला इजा असल्यामुळे, समक्ष.

आज रात्री बारापर्यंत गाडी रस्त्यावर चालवायची मुभा होती. ती दादूला फणसाखाली सोडून घरी गेली. जाताना ती भाट्याकडे वळली नाही, समुद्राकडेही गेली नाही. शेवटची चक्कर वगैरे तिच्या मनात आलं नाही. दारापुढे नेहमीच्या जागी गाडी लावली, दांडा सोडला, किल्ली काढली. आत जाऊन बोटांना मलम लावलं आणि आरटीओतून आणलेला प्रयोगशाळेच्या तपासणीचा अर्ज डाव्या हातानं भरायला घेतला. अर्जात एकवीस रकाने होते. बाराव्या रकान्यात चेसिस नंबर लिहायचा होता. तिनं तो आरसीवरून उतरवला, शेवटून दुसऱ्या जागी आठ.

संध्याकाळी अनिशचा फोन वाजला, तो तिनं उचलला नाही. मग नीरजाचा वाजला.

"ताई, झालं का काम? उद्या येताय ना?"

"झालं नाही. येते."

"गाडी?"

"येते म्हटलं ना."

पुढचा फोन तिनं एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीला लावला. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. तिनं पावसकडे जाणाऱ्या पहिल्या एसटीची वेळ विचारून कागदावर लिहून घेतली. मग कुबडी घेऊन ती गल्लीच्या तोंडाशी गेली, वाटेत एकदा कुंपणाला टेकून थांबली. थांब्यावर संध्याकाळची एसटी उभी होती. माणसं चढत-उतरत होती. तिनं कुबडी पहिल्या पायरीला उभी लावली आणि पायरीची वरची कड कुबडीवर कुठे येते ते अंगठ्यानं धरून ठेवलं. घरी येऊन शिवणाच्या टेपनं मोजलं.

मंगळवारी सूर्योदय सात वाजून दोन मिनिटांनी आहे. पावसकडे जाणारी पहिली एसटी थांब्यावर सहा पंचवीसला येते. एसटीच्या दाराची पहिली पायरी रस्त्यापासून सतरा इंचांवर आहे.